मजुरांचा तळही मोजमाप पुस्तिकेत घ्या

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उरकली की रब्बीचे आवर्तन, म्हणजे कालव्यातून ठरावीक काळाने सोडायचे पाणी, सुटायच्या आत कालव्यांची कामे धरायची घाई सुरू होते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या लाभक्षेत्रात आणि तिकडे साताऱ्याच्या बाजूला धोम, उरमोडी, तारळीच्या कालव्यांवर मिक्सर घरघरू लागतात आणि भरावाच्या कडेला ताडपत्रीची पाले पडतात. वर्तमानपत्रांत मग बातम्या येतात: किती किलोमीटर काम झाले, किती पाणी उचलले, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला ते कधी मिळणार. त्या यायलाच हव्यात. आटपाडी-जतच्या माणसाने या पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली आहे. पण पालांत राहणाऱ्या माणसांविषयी छापून येते ते बहुधा चर ढासळल्यावर किंवा पाल पेटल्यावर. म्हणून काम सुरू होण्याआधीच आपल्या पत्रातून एक मागणी मांडत आहोत. मजुरांचा तळ ही अंदाजपत्रकातली स्वतंत्र बाब असावी, ज्या नोंदींवरून ठेकेदाराचे बिल निघते त्या मोजमाप पुस्तिकेत काँक्रीटसारखेच त्याचे मोजमाप घ्यावे आणि जेवढे मोजले तेवढ्याचेच पैसे द्यावेत.

ही मागणी आजच का, हे समजायला कामाची पद्धत कशी बदलली ते पाहावे लागेल. 1972च्या दुष्काळात पाझर तलाव, बंडिंग आणि रस्त्यांची कामे निघाली, तेव्हा बहुतेक माणसे पहाटे भाकरी बांधून आपल्या गावातून यायची आणि दिवस मावळताना घरी जायची. मातीकाम करणारे मातीवडार तळ टाकून राहत, पण पाले आणि गाढवे त्यांची स्वतःची असत आणि पाण्याच्या सोयीची जागा तेच हेरत. पुढे कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाच्या निवाड्यातली मे 2000ची मुदत जवळ आली. वाट्याचे पाणी अडवायलाच हवे म्हणून 1996 साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि कामांनी एकदम वेग घेतला. आता खोदाई पोकलेन करतो आणि खडक ब्रेकर फोडतो. माणसाच्या हाताला उरले ते बाजूंचे उतार घासून मापात आणणे, अस्तरीकरण (कालव्याला काँक्रीटचा थर देणे), मोऱ्या-सायफनचे सेंट्रिंग, सळईकाम आणि नळांचे सांधे. या कामाच्या टोळ्या दुरून येतात. कुणी मराठवाड्याचे, कुणी विजापूर-गुलबर्ग्याचे, कुणी झारखंड, बिहार, ओडिशाचे. त्यांना संध्याकाळी परतायला इथे घर नाही. कामाची जागा हेच त्यांचे गाव, आणि ते गाव वसवायची जबाबदारी नेमकी कुणाची, याचे उत्तर अंदाजपत्रकात शोधून सापडत नाही.

एका दिवसाच्या कामाचा बोजा सांगतो, म्हणजे अंदाज येईल. मध्यम आकाराच्या वितरिकेचा तळ आणि दोन्ही उतार मिळून आठ मीटर रुंदी धरा, अस्तर आठ सेंटिमीटर जाडीचे धरा. एका मीटर लांबीला 0.64 घनमीटर काँक्रीट लागते. दिवसाला पन्नास मीटर काम ओढायचे तर 32 घनमीटर होते. 1:2:4 प्रमाणाला घनमीटरमागे साधारण सहा गोण्या सिमेंट, म्हणजे दिवसाला 190 ते 200 गोण्या, प्रत्येकी 50 किलोच्या. शिवाय त्याच्या दुप्पट वाळू आणि चौपट खडी. मोठ्या कालव्यावर पेव्हर (अस्तर घालणारे यंत्र) चालतो, पण वितरिका-लघुवितरिकांवर हे सगळे घमेल्याने, फावड्याने आणि दोन माणसांनी ओढायच्या फळीनेच होते. दोन आवर्तनांच्या मध्ये कालवा कोरडा मिळतो तो वीस-पंचवीस दिवस. मुदत गाठायची म्हणून रात्रीही दिव्यांवर काम चालते. काळ्या मातीत तर त्याआधी मुरमाचा थर घालून, पाणी मारून, दाबून घ्यावा लागतो. नाहीतर माती फुगून अस्तर उचलते. हा वेळही त्याच पंचवीस दिवसांतला.

आता पाण्याकडे या. काँक्रीट किमान सात ते दहा दिवस ओले ठेवावे लागते, म्हणून क्युरिंगला टँकर लावलेला असतो. तो बहुधा जुन्या दगडखाणीतून, ओढ्यातून किंवा कुणाच्या विहिरीतून भरतो. त्याच टँकरचा नळ संध्याकाळी तळावरच्या पिंपांत सुटतो आणि तेच पिण्याचे पाणी होते. काँक्रीटचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी फोडून पाहतात, त्यामुळे काँक्रीटला पाणी कमी पडले तर कुणाला तरी उत्तर द्यावे लागते. माणसांच्या पाण्याची चाचणी कुठेच लिहिलेली नाही, म्हणून कुणी करत नाही. आमचा सगळा मुद्दा या एका उदाहरणात येतो.

नव्वद मजूर आणि तीस मुले असा 120 जणांचा तळ धरू. माणशी 45 लिटर म्हटले तर दिवसाला 5,400 लिटर पाणी लागते. पाच हजार लिटरच्या दोन झाकणाच्या टाक्या ठेवल्या तर टँकर एक दिवस चुकला तरी ओरड होत नाही. पिण्याची टाकी वेगळी हवी, तिला तोटी हवी आणि ती चौथऱ्यावर हवी. तांब्या बुडवून पाणी घेतले की एका आजाऱ्याचे जुलाब दोन दिवसांत साऱ्या तळाला होतात. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे प्रमाण ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला तोंडपाठ असते: हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे पाच हजारांच्या टाकीला 25 ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबायचे. मग पाण्यात क्लोरिन उरला आहे का हे दाखवणाऱ्या ओटी चाचणीचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते पाहायचे. रंग आला नाही तर पावडर मेलेली आहे असे समजावे. तोंड उघडे राहिलेल्या पिशवीतला क्लोरिन उडून जातो, आणि साइटवर पिशवी सिमेंटच्या गोदामात उघडीच पडलेली असते.

शौचालय वीस जणांमागे एक या हिशेबाने सहा, त्यांतली तीन बायकांची, वेगळ्या बाजूला आणि दिव्यासह. काळ्या मातीत शोषखड्डा पाणी पीत नाही आणि आठ दिवसांत तुंबतो, म्हणून मुरमाच्या जागी खड्डा घ्यावा किंवा शौचालये तळासकट मुरमाच्या बाजूला न्यावीत. सोय नसली की माणसे पहाटे कालव्याच्या उतारावर बसतात. आवर्तन सुटले की ती घाण खालच्या गावांकडे जाते. कालव्याच्या पाण्याने विहिरी भरतात आणि गावांच्या पाणीयोजना त्यावर चालतात. म्हणून तळाचे शौचालय ही खालच्या गावांचीही गरज आहे.

कालव्याच्या कामावरच्या परमुलखातल्या मजुरांचे काय होते, याचा सगळ्यात मोठा दाखला पनामाचा आहे. फ्रेंच कंपनीने 1881 साली तिथे काम धरले आणि 1889 साली ती बुडाली. तेवढ्या काळात पिवळा ताप, हिवताप आणि अपघात मिळून सुमारे 22 हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. रुग्णालयात खाटांवर मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत आणि त्याच पाण्यात डास वाढत. पुढे 20 ऑगस्ट 1897 रोजी आपल्याच देशात, सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू सापडला. 1904 साली अमेरिकेने पनामाचे काम हाती घेतले, तेव्हा डॉ. विल्यम गोर्गस यांनी पाणी निघून जाण्यासाठी चर काढणे, गवत कापणे, साचलेल्या पाण्यावर तेल सोडणे, पिंपे झाकणे या कामांवर स्वतंत्र माणसे नेमली. पनामा शहरातला पिवळा ताप नोव्हेंबर 1905 मध्ये थांबला. कालवा 15 ऑगस्ट 1914 रोजी खुला झाला.

इथपर्यंतची हकीकत अभियांत्रिकीच्या वर्गात सांगतात. पुढची कमी सांगतात. कामगारांच्या दोन याद्या होत्या, सोन्याची आणि चांदीची. गोऱ्या अमेरिकनांना सोन्याच्या नाण्यांत पगार, जाळ्या लावलेली घरे. चांदीच्या यादीत मुख्यतः वेस्ट इंडीजच्या बेटांवरचे काळे मजूर. एकट्या बार्बाडोसमधून सुमारे 20 हजार माणसे करारावर गेली. मजुरी ताशी दहा सेंट, दिवस दहा तासांचा. राहायला गच्च भरलेल्या बराकी, त्यांत एकावर एक टांगलेल्या कॅनव्हासच्या खाटा. पनामात पाऊस प्रचंड. भिजलेले कपडे वाळवायला जागा नाही, बदलायला दुसरा जोड नाही, ओल्या अंगानेच झोपायचे. डास आटोक्यात येत होते तेव्हा न्युमोनिया माणसे नेत होता. मजूर बराकी सोडून आपापल्या झोपड्यांत विखुरले, गर्दी कमी झाली, तसा तो उतरला. अमेरिकी काळातल्या नोंदींत 5,609 मृत्यू आहेत आणि त्यांतले सुमारे साडेचार हजार वेस्ट इंडीजच्या माणसांचे आहेत. डास मारण्यासाठी पैसा, माणसे आणि रोजची तपासणी होती, म्हणून ते काम झाले. चांदीच्या मजुराचा कोरडा सदरा आणि झोपायची जागा कुणाच्याच हिशेबात नव्हती.

आपल्याकडे पिवळा ताप नाही, पण कालवा आणि डास यांचे नाते तेच आहे. ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा डास स्वच्छ, संथ पाण्यात अंडी घालतो. कालव्याच्या बाजूची पाझराची डबकी, मुरूम काढलेल्या खाणी, क्युरिंगसाठी बांधलेली छोटी वाफी, मोरीच्या पायात साचलेले पाणी या त्याच्या आवडीच्या जागा. डेंगीचा डास उघड्या पिंपांत आणि टायरांत वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यात एक कोरडा दिवस पाळायचा: पिंपे रिकामी करून घासायची, क्युरिंगची वाफी फोडून वाळवायची, खाणीत गप्पी मासे सोडायचे. मजूर हिवतापाच्या पट्ट्यातून आलेला असेल तर आल्याच्या आठवड्यातच आरोग्य केंद्राच्या माणसाकडून रक्तनमुना घ्यावा आणि तळावर ताप आला की त्याच दिवशी पुन्हा घ्यावा. यात त्याला दोष देण्यासारखे काहीही नाही. वेळेवर औषध मिळाले तर तोही वाचतो आणि गावही वाचते.

झोपायच्या जागेबद्दल बोलायलाच हवे. तळ बहुधा सेवारस्त्याच्या कडेला असतो, कारण तिथे मिक्सर आहे आणि सामानावर नजर राहते. रात्री त्याच रस्त्याने डंपर मागे घेतात. झोपलेला माणूस चालकाला दिसत नाही. उकाडा वाढला की काही जण गारव्यासाठी कालव्याच्या कोरड्या पात्रात जाऊन झोपतात, आणि वरच्या गेटवर पाणी सोडणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नसतो. तिसरी भीती मण्यारीची. हा साप रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, आणि अजीर्ण झाले म्हणून सोडा दिला जातो. त्यात जाणारा तास जिवाचा असतो. म्हणून तळ सेवारस्त्यापासून निदान 30 मीटर लांब असावा, कालव्याच्या पात्रात आणि भरावावर कधीच नसावा. माणशी खाट असावी, लोखंडी असो वा बाजेसारखी, आणि तिच्यावर मच्छरदाणी. खाट आणि मच्छरदाणी या दोन वस्तू डास आणि मण्यार दोन्हींना अडवतात. चुली पालात पेटवू नयेत, प्लास्टिकची ताडपत्री क्षणात पेट घेते. पालांपासून दूर, पत्र्याच्या आडोशाची एक सामाईक स्वयंपाकाची जागा करावी. प्रतिसर्प लस कोणत्या रुग्णालयात मिळते आणि रात्री गाडी कुणाची, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवावे, मराठीत आणि हिंदीत.

अलीकडे उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नळ घालतात. पाणी वाचते, जमीन कमी जाते, म्हणून ते चांगलेच आहे. पण धोका उताराच्या कडेवरून चराच्या तळाशी आला आहे. दीड-पावणेदोन मीटर खोल आणि जेमतेम मीटरभर रुंद चर, शेजारच्या उसाला कालपरवा पाणी पाजलेले, आणि पोकलेनने काढलेली माती चराच्या अगदी काठावर रचलेली. काळी माती कोरडी असताना उभी भिंत धरते, त्यामुळे सगळ्यांना खात्री वाटते. तिच्यात भेगा असतात, भेगेत पाणी उतरले की अख्खा कडा एकदम सुटतो. एक मीटर लांब, 1.8 मीटर उंच आणि अर्धा मीटर जाड कडा म्हणजे 0.9 घनमीटर, वजनाने सुमारे दीड टन. सांधा जोडायला बसलेल्या माणसाचे डोके वर राहिले तरी छाती दाबली जाऊन श्वास घेता येत नाही.

उपाय साधे आहेत, पण प्रत्येकाला वेळ लागतो. काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर दूर टाकायची. चर तीन मीटरपेक्षा खोल असेल तर खोलीच्या निम्मे अंतर ठेवायचे. दीड मीटरपेक्षा खोल गेलो की बाजूला उतार द्यायचा किंवा फळ्या आणि आडवे टेकू लावायचे. चरात शिडी ठेवायची, ती काठाच्या वर मीटरभर निघालेली हवी आणि कामाच्या जवळ हवी, शंभर मीटरवर नव्हे. चराला लागून असलेल्या शेतकऱ्याला दोन दिवस पाणी न देण्याची विनंती आधी करायची. सकाळी आणि पाऊस पडून गेल्यावर मुकादमाने काठावरून चालत भेगा पाहिल्याशिवाय कुणाला खाली उतरवायचे नाही. आणि कडा ढासळलाच तर पोकलेनचे बकेट घालायचे नाही. आधी तोंड आणि छाती मोकळी करायची, हाताने आणि फावड्याच्या उलट्या बाजूने. बकेटने वाचवायला जाऊन माणूस गमावल्याचे प्रकार होतात. उतार देण्याची जादा खोदाई अंदाजपत्रकात धरलेली नसेल तर ठेकेदार ती करत नाही. इथेही गाडी पुन्हा मोजमापावरच येऊन अडते.

ओले सिमेंट कातडी खाते. गमबूट नसलेल्या माणसाची बोटे आठवड्यात फाटतात, जखमा चिघळतात, काहींना कायमची खाज लागते. रबरी हातमोजे आणि गमबूट यांचा खर्च दिवसाच्या सिमेंटपुढे काहीच नाही. याचा आणखी एक परिणाम कार्यालयात बसून लक्षात येत नाही. हाताच्या रेषा झिजल्या की रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही. एक देश एक रेशनकार्ड योजनेत परराज्यातल्या कार्डावर इथे धान्य मिळू शकते, पण अंगठा नाही लागला तर दुकानदार हात वर करतो. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो, म्हणून बायकोचे आणि मोठ्या मुलांचे आधार कार्डाशी जोडलेले आहे का हे गावाहून निघण्याआधीच पाहायला मुकादमाला सांगावे.

पैशाचे गणित उसतोडीपेक्षा फार वेगळे नाही. गावातून निघताना उचल, इथे आठवड्याला खर्ची, आणि उरलेला हिशेब काम संपल्यावर. ठेकेदाराचे धावते बिल निधीअभावी अडकले की तो मुकादमाला थांबवतो, मुकादम टोळीला थांबवतो. टोळी निघून जाऊ शकत नाही, कारण गेली तर मागची बाकी बुडते. मजूर किती दिवस राबला याची नोंद मुकादमाच्या वहीत, आणि वही मुकादमाच्या पिशवीत. पनामात निदान प्रत्येक मजुराला क्रमांकाचा पितळी बिल्ला असे. आपल्याकडे तळावरच्या माणसांची नाव-गाव-वय-नातेवाइकाचा फोन एवढी यादीही शाखा कार्यालयात सापडत नाही. अपघात झाला की प्रेत कुठे पाठवायचे याची शोधाशोध सुरू होते. मजुरी थेट खात्यात, दर पंधरवड्याला, आणि एटीएम कार्ड मजुराच्याच खिशात, हे तीन नियम पाळले तर निम्मे तंटे मिटतील. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ नियोक्त्याने, म्हणजे ज्याचे काम आहे त्याने, द्यायची, ही तरतूद 1970च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होती.

कायद्यांची वाण नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा 1979चा, त्यात प्रवासखर्च आणि विस्थापन भत्ता होता. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा 1996चा. त्याच्या कलम 34 प्रमाणे कामाच्या जागी मोफत तात्पुरती घरे, स्वयंपाकाची वेगळी जागा, न्हाणी आणि शौचालय देणे बंधनकारक होते. कलम 35 प्रमाणे 50पेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर द्यावे लागे. बांधकाम खर्चाचा एक टक्का उपकर कल्याण मंडळाला जातो आणि वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलेला 18 ते 60 वयाचा कामगार नोंदणीला पात्र ठरतो. हे कायदे आता नव्या श्रमसंहितांत सामावले गेले, तरी जबाबदारीचा गाभा तोच आहे. अडचण अशी की 90 दिवसांचे प्रमाणपत्र ठेकेदाराने द्यायचे असते, आणि टोळी एका ठिकाणी पंचवीस दिवसच असते. चार ठेकेदारांकडे मिळून वर्ष काढणाऱ्या माणसाला कुणीच प्रमाणपत्र देत नाही. शाखा अभियंत्याने तळ उठताना प्रत्येकाला हजर दिवसांचा सही-शिक्क्याचा दाखला दिला, तर ते दिवस जोडता येतील.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ठेकेदाराचा नफा आणि किरकोळ खर्च दरातच धरलेला असतो, मग तळाचे वेगळे पैसे कशाला? दरातच धरलेला असतो, म्हणूनच तो होत नाही. पंधरा-वीस टक्के कमी दराने निविदा भरणारा माणूस सिमेंट कापू शकत नाही, क्यूब नापास होतो. सळई कापू शकत नाही, ती मोजली जाते. कापायला उरते ती फक्त माणसांची सोय. दुसरा आक्षेप, की काम वीस-पंचवीस दिवसांचे असते. विषमज्वर व्हायला, चर ढासळायला आणि मूल कालव्यात पडायला एवढे दिवस पुरतात. अस्तर केलेला उतार शेवाळाने निसरडा होतो, पडलेल्या मुलाला वर येता येत नाही. तळाजवळच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडून ठेवावेत आणि नवीन अस्तरात पायऱ्यांचे आकडे काँक्रीट ओले असतानाच बसवावेत. सहा वर्षांवरील मुलांना शिक्षण हमी कार्डावर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवता येते आणि लहानांना अंगणवाडीत आहार मिळू शकतो. मुले सकाळी शाळेत गेली तर मिक्सरभोवती खेळत नाहीत.

खानापूर-आटपाडी-तासगावच्या कितीतरी घरांतली माणसे गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यात गेली आहेत. परक्या गावात पहिली रात्र कुठे काढायची, पाणी कुणाकडे मागायचे, आजारी पडलो तर काय, हे या तालुक्यांना कुणी शिकवायला नको. ग्रामपंचायतींनी तळ आला की पहिल्या आठवड्यात जाऊन पाहावे, टाकीत ओटीचे दोन थेंब टाकावेत, आशाताईंना फेरी घालायला सांगावे.

जलसंपदा खात्याकडे मागायची बाब आम्ही अशी लिहू. भाग एक, तळ उभारणी: पत्र्याची निवारागृहे चौरस मीटरमध्ये, माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा धरून, शौचालये व न्हाणीघरे नगात, झाकणाच्या टाक्या लिटरमध्ये, खाटा व मच्छरदाण्या नगात, पाळणाघराची खोली. भाग दोन, देखभाल: शुद्ध पाणी हजार लिटरला, शौचालय सफाई दिवसाला, हजेरीपटावरच्या माणसामागे गमबूट-हातमोजे. भाग तीन, चराची सुरक्षितता: उताराची जादा खोदाई घनमीटरमध्ये, टेकू चौरस मीटरमध्ये. मोजमाप शाखा अभियंत्याने दर पंधरवड्याला घ्यावे, उपविभागीय अभियंत्याने तपासणी करावी, तळावरच्या एका स्त्रीची आणि ग्रामसेवकाची सही घ्यावी. तळ मोजून झाल्याशिवाय पहिल्या घनमीटर काँक्रीटचे मोजमाप घेऊ नये. आणि काम उठताना शौचालयाचे खड्डे मुरमाने भरून बंद करावेत, टाक्या जवळच्या शाळेला किंवा ग्रामपंचायतीला पावतीवर द्याव्यात, मुरमाच्या खाणीला पाणी निघून जाण्यासाठी तोंड करून द्यावे. या तिन्हींची नोंद मोजमाप पुस्तिकेत आल्याशिवाय अंतिम देयक काढू नये.

आपले,
कालव्यांच्या कामांवर नोकरी केलेले काही निवृत्त शाखा अभियंते, मैलकामगार व मुकादम
विटा, जि. सांगली